चकत्या नसलेली खंजिरी

आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही अकरा-बारा जण खालच्या हॉलमध्ये जमतो. गेल्या महिन्याभरात आवडलेल्या चार गोष्टी प्रत्येकाने सांगायच्या : एक चित्र, एक वस्तू, एक मालिका आणि एक गाणं. चित्र कुठेही पाहिलेलं चालतं. वस्तू म्हणजे जिची घडण आवडली अशी कुठलीही, अगदी थेंब न गळणारी तेलाची बरणीसुद्धा. न आवडलेलं मात्र सांगायचं नाही, कारण ते सुरू झालं तर दुपारचं जेवणही तिथेच करावं लागेल. हा नियम मी घातला आणि तो सगळ्यात जास्त वेळा मीच मोडला.

त्या रविवारांचा मला माज होता, हे आधीच कबूल करतो. आठवडाभर मी सरकारी कचेरीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या टिपणांखाली सही करणारा माणूस. निवृत्तीला वर्षही उरलेलं नव्हतं आणि तिथे माझं मत कुणी कधी विचारलं नव्हतं. रविवारी मात्र विचारायचे. बाकीचे लोक मोबाइलमध्ये बघून सांगायचे. माझी वही होती. त्यात तारीख, चार आवडी, आणि प्रत्येकीखाली ती का आवडली याची पाच-सहा ओळींची कारणं. माझी पाळी शेवटी ठेवायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, "तुमचा कानच वेगळा आहे जी." हे वाक्य मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

गेल्या फेब्रुवारीतल्या रविवारी माझी यादी चांगली जमली होती. चित्र होतं शहरातल्या एका छोट्या प्रदर्शनात पाहिलेलं. लग्नाचा बँड. वरात पोचलेली आहे आणि वाजवून दमलेले लोक फुटपाथवर बसलेत, कुणाच्या मांडीवर कर्णा, कुणी ढोलाला टेकून डोळे मिटलेले. वस्तू होती उमरेडच्या हातमागावरचा पंचा, कडेला करवतीच्या दातांसारखा लाल काठ असलेला. मालिका परदेशातली होती. बर्फातलं एक गाव, एक म्हातारा पोलीस, आणि अख्ख्या भागात मोजून वीस वाक्यं, तीही खाली अक्षरांत लिहून येणारी. लोकांनी माना डोलावल्या. मग मी गाणं लावलं.

गाणं म्हणजे एक नवं भजन होतं. गाणारी मुलगी आपल्याच भागातली, विशीतली. तिचा आवाज आणि एक खंजिरी, एवढंच. आमच्या विदर्भात खंजिरीशिवाय भजन होत नाही. तळहाताएवढं चामडं मढवलेलं लाकडी कडं असतं, आणि त्या कड्यात पितळी चकत्या बसवलेल्या असतात. चामड्यावर थाप पडली की चकत्या छुनछुन वाजतात. माझं लहानपण खाप्याजवळच्या एका खेड्यात गेलं आणि माझे वडील तिथल्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. त्यामुळे या विषयात मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गाणं संपलं आणि मी बोलायला उभा राहिलो. म्हणालो, "ह्या मुलीनं केवढं धाडस केलं आहे बघा. खंजिरीच्या चकत्याच काढून टाकल्या. नुसतं चामडं ठेवलं. दागिने उतरवून ठेवले की बाईचा चेहरा दिसतो ना, तसा तिनं ताल दाखवला आहे. आजवर कुणाला हे सुचलं नाही." मी बराच वेळ बोललो. वडिलांच्या मंडळाबद्दल बोललो, आजकालच्या गोंगाटाबद्दल बोललो, आणि कमीत कमी साधनांत काम भागवण्याबद्दलही बोललो. बोलताना मला स्वतःचंच फार पटत होतं.

मग चौथ्या मजल्यावरची मुलगी, जी बँकेत नोकरी करते आणि संध्याकाळी तबला शिकते, ती जरा चाचरत म्हणाली, "काका, चकत्या आहेत ना त्यात."

मी हसलो. "नाही न बेटा. ते चामडंच आहे. ताणून मढवलं की तसं वाजते."

"नाही काका, पूर्ण गाण्यात छुनछुन येऊन राहिली. सुरुवातीपासून."

गाणं पुन्हा लावलं. मी स्पीकरकडे पाहिलंच नाही, लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिलो. सगळे माना किंचित तिरप्या करून ऐकत होते. एकाचं बोट खुर्चीच्या हातावर एका लयीत हलत होतं, आणि त्या लयीचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. मला मुलीचा आवाज येत होता. थाप येत होती. दोन थापांच्या मध्ये, जिथे मला ती सुंदर मोकळी जागा दिसली होती, तिथे अकरा माणसं काहीतरी ऐकत होती.

"स्पीकरचा दोष असेल," मी म्हणालो.

"हो हो, असू शकते," सगळे एकदम म्हणाले.

आमच्या ग्रुपमध्ये चहात आलं किती घालावं यावर अर्धा तास वाद होतो. तिथे माझ्या एका फालतू सबबीवर सगळे एका सेकंदात सहमत झाले. मला लागलं ते चकत्यांचं नाही, त्या चांगुलपणाचं.

जिन्यात मला आमच्यातले सगळ्यात वडीलधारे गृहस्थ गाठायला थांबले होते. उमरेडच्या कोळसा खाणीत इंजिनीअर होते, आता सत्तरीचे. दोन्ही कानांमागे यंत्रं आहेत. "भाऊ, एक मिनिट," ते म्हणाले. "राग नका मानू जी. माझेही पहिले बारीक आवाजच गेले. बायकोच्या बांगड्या गेल्या, मग पाखरं गेली. मले वाटे, आजकाल पाखरंच कमी झाले. एकदा तपासून घ्या ना."

"तुमचं सुरुंगांमुळे झालं," मी जरा तिरसटपणे म्हणालो. "मी तर फायलीत बसतो."

"फायलीनं नाही होत. वयानं होते," ते म्हणाले आणि कठड्याला धरून सावकाश वर गेले.

मी घरी आलो आणि बायकोला काही सांगितलं नाही. भीती वाटत होती, आणि ती कशाची हे मला नेमकं माहीत होतं. माझे वडील शेवटची दहा वर्षं बहिरे होते. लग्नकार्यात त्यांना पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवायचे आणि ते येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून हसायचे. "जेवले काय?" विचारलं तरी हसायचे. "तुमच्या सोबतचा तो अमका गेला," असं सांगितलं तरी हसायचे. सुरुवातीला लोक कानाशी जाऊन ओरडून सांगत. मग नुसते पाया पडून पुढे जाऊ लागले. मीही त्यातलाच. "बाबांना सांगून काय उपयोग," हे वाक्य घरात सगळ्यात जास्त मीच म्हटलं असेल. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी भजनाला जाणं सोडलं होतं, खंजिरी खुंटीला लावून टाकली होती. आम्हाला वाटलं, वयोमानानुसार माणूस विरक्त झाला. नातेवाइकांत त्यांच्या विरक्तीचं कौतुक व्हायचं, आणि ते ऐकूनही ते हसायचे.

पुढचे तीन आठवडे मी स्वतःची चोरून परीक्षा घेत होतो. कुकरची शिट्टी ऐकू येत होती. बसचा हॉर्न, मंदिरातली घंटा, साहेबांची हाक, सगळं येत होतं. मग मी स्वतःची समजूत घालायचो की हे सगळं थोतांड आहे. तासाभराने फ्रिजचं दार मुद्दाम उघडं ठेवून समोर उभा राहायचो, कारण ते उघडं राहिलं की पीं पीं वाजतं असं माहितीच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. मी उभा राहायचो आणि दुधाचं पातेलं माझ्याकडे पाहत राहायचं. बाथरूममध्ये जाऊन कानाशी बोटं चोळून पाहिली. डाव्या कानाला काहीतरी आल्यासारखं वाटायचं, उजव्याला काही नाही. पण डाव्याला आलं ते खरंच आलं की यावं अशी इच्छा होती म्हणून आलं, हे कळायला मार्ग नव्हता. चिंतेची गंमत अशी की ती कानाला फार तीक्ष्ण करते. दिवसभर मी नसलेले आवाजही ऐकत होतो.

एका सकाळी मी डिजिटल थर्मामीटर तोंडात धरून आरामखुर्चीत बसलो होतो. तापबिप काही नव्हता. ते मोजून झालं की वाजतं की नाही, एवढंच मला बघायचं होतं. श्वास रोखून बसलो. बाहेर रिक्षा गेली, वर कुणीतरी खुर्ची सरकवली, थर्मामीटर गप्प होतं. तेवढ्यात आतून, म्हणजे पंखा सुरू असलेल्या आणि फोडणी पडत असलेल्या स्वयंपाकघरातून, बायकोचा आवाज आला, "अहो, काढा ना आता. कधीचं वाजून राहिलं ते."

मी थर्मामीटर काढलं आणि पुसून डबीत ठेवलं.

"ताप आहे काय?" तिने बाहेर येऊन विचारलं.

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

त्या दिवशी कचेरीतून आल्यावर मी वही काढली आणि मागे मागे वाचत गेलो. हेच थर्मामीटर तिथे होतं. दीड वर्षापूर्वीच्या पावसाळ्यात मला ताप आला होता, त्यानंतरच्या रविवारी मी त्याला महिन्याची आवडती वस्तू म्हणून हॉलमध्ये नेलं होतं. वहीत लिहिलं होतं : "सभ्य वस्तू. काम झालं की आरडाओरडा नाही, शांतपणे आकडा दाखवते. चांगली घडण अशीच बोलते, न बोलता." मी हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे खूप हसले होते. मला वाटलं होतं, माझ्या विनोदबुद्धीला हसले. आता वाटलं, मी गंमत करतोय असं समजून हसले. कुणाच्याही मनात आलं नसेल की हा माणूस खरंच बोलतोय.

मग मी धास्तावून एकेक पान पाहू लागलो. दोन वर्षांत मी एकही मराठी मालिका आवडती म्हणून लिहिली नव्हती. त्याऐवजी एक अख्खं टिपण होतं, हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात, शब्द फेकायला कुणी शिकवत नाही, वगैरे. त्यानंतरच्या सगळ्या मालिका परदेशी, खाली अक्षरं असलेल्या. गाण्यांत एकही बासरी नव्हती. सतार आधी होती, मग नव्हती. बायकांचे आवाज कमी कमी होत गेले होते आणि खर्जातले पुरुष वाढत गेले होते. एका ठिकाणी मी मोठ्या दिमाखात लिहिलं होतं : "अलीकडे मला साधेपणा आवडू लागला आहे. वय वाढलं की अभिरुची गाळून निघते." चित्रं मात्र भरपूर होती. प्रदर्शनात कुणी बोलत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून मी तिथे जास्त जाऊ लागलो होतो का? दमलेल्या बँडवाल्यांच्या त्या चित्रासमोर मी अर्धा तास उभा होतो. त्यातली शांतता आवडली, असं मी म्हणालो होतो.

माझी म्हणून जी आवड मी दोन वर्षं लोकांसमोर मिरवली, ती माझ्या कानांनी माझ्या पाठीमागे ठरवली होती. जे ऐकू येईना ते मी वाईट ठरवलं आणि जे उरलं त्याला मी अभिरुची म्हटलं. हे कळल्यावर मी सोफ्यावर बसून राहिलो. माझ्या वडिलांची विरक्ती आणि माझा साधेपणा यांत काही फरक नव्हता. फक्त त्यांनी त्यावर टिपणं लिहिली नव्हती.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी पाहुणे आलेत असं कळवून घरीच बसलो. बायकोला सांगितलं, कंटाळा आला. दुपारी ग्रुपवर निरोप आला, तुमच्याशिवाय मजा नाही आली. मी तो चार वेळा वाचला. आधी बरं वाटलं, मग वाटलं हे त्यांनी आपसात ठरवून लिहिलंय. चौथ्या मजल्यावरची मुलगी लिफ्टमध्ये भेटली तर माझ्याशी जरा सावकाश, जरा मोठ्याने बोलली, एकेक शब्द वेगळा करून. माझ्या वडिलांशी लोक तसंच बोलायचे. मी तिच्याकडे पाहून हसलो, आणि आपण हसलो हे लक्षात येताच माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्याच दिवशी गाडीचं काम आहे असं सांगून मी धंतोलीतल्या एका कानाच्या दवाखान्यात गेलो. तिथे एका काचेच्या खोलीत मला बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. बाहेर एक मुलगी यंत्रासमोर बसली. "काका, आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक आला तरी दाबा," ती म्हणाली आणि दार बंद झालं.

सुरुवातीचे आवाज सोपे होते. जाड, गोल आवाज. मी टकाटक दाबत गेलो, परीक्षेत पहिला येणाऱ्या पोरासारखा. मग आवाज बारीक होत गेले, मग नुसतं काहीच नाही. मी वाट पाहिली. घामाने बटण ओलं झालं. आणि इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. त्या मुलीचा खांदा काचेतून दिसत होता. तो मला किंचित हलल्यासारखा वाटला, म्हणजे तिने काहीतरी दाबलं असणार, असं समजून मी बटण दाबलं. मग पुन्हा. मग मी एक लय पकडली आणि दर चार सेकंदांनी दाबू लागलो. वहीत टिपणं लिहिणारा, लोकांना ऐकायला शिकवणारा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉपी करत होता.

दार उघडलं. ती मुलगी आत आली, माझ्या कानांवरचे हेडफोन नीट केले आणि म्हणाली, "काका, मी आता आवाज दिलेच नव्हते. घाबरू नका. नाही आला तर नका दाबू. पास-नापास नाही यात."

मला रडू येईल असं वाटलं. मी मान हलवली. नंतरचा बराच वेळ मी बटण दाबलं नाही, आणि बाहेर ती मुलगी कागदावर काहीतरी लिहीत राहिली.

डॉक्टरांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. एक रेघ होती. डावीकडे ती सरळ चालत आली होती आणि अर्ध्यावर आल्यावर उताराला लागली होती. "हे जाड आवाज, हे बारीक," त्यांनी पेनाने दाखवलं. "नसेचं आहे, वयोमानानं होते. औषध नाही. गेलं ते परत येत नाही, पण यंत्रानं बराच फरक पडते. उशीर नका करू. जास्त दिवस आवाज मेंदूपर्यंत नाही पोचले तर तो ते ओळखणंच विसरते." मी विचारलं, संगीत? ते म्हणाले, "ऐकाल ना. पहिल्यासारखं वाटेलच असं नाही सांगत."

त्या दिवशी संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती पालक निवडत बसली होती. मी आधी प्रस्तावना केली, मग रविवारचं सांगितलं, थर्मामीटरचं सांगितलं, शेवटी कागद पुढे ठेवला. तिने तो पाहिला आणि परत दिला.

"मले माहीत आहे ना," ती म्हणाली. "दोन वर्षं झाले."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलले ना. कितीदा बोलले. तुमाले ऐकूच नाही गेलं."

आम्ही दोघंही हसलो. मग ती म्हणाली, "एकदा तर चांगलं समोर बसवून सांगितलं होतं. तर तुम्ही म्हणाले, टीव्हीवाल्यांना बोलता येत नाही. मग मी सोडून दिलं. तुमाले वाईट वाटन म्हणून." तिने पालकाच्या काड्या एका बाजूला केल्या. मला तिची कीव आली की स्वतःची, ते सांगता येणार नाही.

यंत्रं पंधरा दिवसांनी आली. दोन छोटे तुकडे, कानांमागे बसणारे, आणि प्रत्येकावर आवाज कमी-जास्त करायचं बारीक बटण. दवाखान्यातून बाहेर पडलो तर रस्ता माझ्या अंगावर धावून आला. प्लास्टिकच्या पिशव्या वाजत होत्या. माझी चप्पल वाजत होती. मी कुणाशी बोललो तर माझा स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा परत यायचा. घरी आलो, दार लावून घेतलं आणि सगळ्यात आधी ते भजन लावलं.

चकत्या होत्या. पहिल्या ओळीपासून, प्रत्येक थापेवर, छुनछुन छुनछुन. त्या मुलीने काहीही काढून टाकलेलं नव्हतं. ते एक चांगलं, नेहमीसारखं, खंजिरीचं भजन होतं, वडिलांच्या मंडळात शंभरदा झालं असेल तसं. मी ते तीन वेळा ऐकलं आणि मला ते आवडलं नाही. मला जे आवडलं होतं ते कुणी गायलंच नव्हतं. ते फक्त माझ्या कानांत होतं आणि आता तिथेही नव्हतं. मी यंत्रं काढून एकदा ऐकावं का, असा विचार आला. हात वरही गेला. मग मला त्या विचाराचीच भीती वाटली आणि मी गाणं बंद केलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, ताट पडावं तसा, बायकोचा आवाज आला, "चहा झाला!"

मी दचकून कानांवर हात ठेवले. आत गेलो आणि म्हणालो, "हळू बोल ना वं. आता येते मले ऐकू."

"मी हळूच बोलून राहिले," ती म्हणाली. तितक्याच मोठ्याने.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिच्या हातात गाळणी होती.

ही बाई तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती, मग मुदतीआधीच निवृत्त झाली. लग्न झालं तेव्हा तिचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागायचं. माझी आई म्हणायची, सून आणली की सावली. गेली दोन वर्षं मला वाटत होतं की ती चिडकी झाली आहे. निवृत्त झाल्यावर बायकांचं होतं तसं काहीतरी, असं मी ठरवून टाकलं होतं. पुण्याच्या मुलीला मी फोनवर सांगितलंही होतं, तुझी आई हल्ली प्रत्येक वाक्य ओरडून बोलते, तू जरा समजाव. मुलगी तेव्हा काही बोलली नव्हती.

"परवा बहीणही म्हणे फोनवर," ती म्हणाली, "काहून भांडल्यावानी बोलून राहिली वं? मले कळलंच नाही ती काय म्हणते तर." मग तिने घसा साफ केला आणि प्रयत्न केला. पहिला शब्द नुसती हवा होऊन आला. ती खोकली. दुसरा शब्द पुन्हा मोठ्याने निघाला आणि ती मध्येच थांबली. "राहू द्या," ती म्हणाली. "आता असाच झाला आवाज." आणि चहा गाळू लागली.

ती चिडली नव्हती. दोन वर्षांत कधीच चिडली नव्हती.

मी कानांमागे बोटं नेली, दोन्ही यंत्रांची बटणं चाचपली आणि आवाज दोन घरं कमी केला. आधी गाळणीचा आवाज गेला, मग नळाचा, मग पंख्याचा. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "बोल."